पुन्हा न झालेली लढत

आमच्या काष्टीचा बाजार शनिवारचा. दौंडहून नगरकडे जाताना भीमा ओलांडली की थोड्याच वेळात आमचे स्टेशन लागते, आणि शनिवारी गाडीतून उतरणाऱ्या माणसांपेक्षा रस्त्याने येणारे बैलच जास्त असत. माझ्या लहानपणी सगळ्या गोष्टींचा हिशेब शनिवारांवर चाले. उसनवारी शनिवारी फिटायची, सोयरिकी शनिवारी जुळायच्या, आणि दिल्लीतल्या घडामोडींवर मतप्रदर्शनही शनिवारीच व्हायचे.

म्हणून १९६९ साल माझ्या डोक्यात तीन शनिवारांनी बसले आहे. पहिला ३ मे. त्या दिवशी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. दुसरा १९ जुलै. त्या रात्री इंदिरा गांधींनी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. तिसरा १६ ऑगस्ट. त्या दिवशी खासदार-आमदारांनी नव्या राष्ट्रपतीसाठी मते टाकली. मी तेव्हा सातवीत होतो. मते देणाऱ्यांत काष्टीचे कोणी नव्हते, तरी त्या मतदानाने आमच्या गावात दोन घरांचे बोलणे बंद पाडले. ती हकीगत पुढे येईलच. आधी दिल्लीचे पाहू.

उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी हे हंगामी राष्ट्रपती झाले. मूळचे ते कामगार पुढारी. रेल्वे कामगारांच्या संघटनेत त्यांची हयात गेलेली. काँग्रेस मात्र त्यांना उभे करायला तयार नव्हती. बंगलोरच्या बैठकीत पक्षातील ज्येष्ठांनी लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले. इंदिराबाईंना जगजीवनराम हवे होते, पण त्यांचे चालले नाही. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट ही, की स. का. पाटील यांच्याबरोबर यशवंतराव चव्हाणांनीही आपले मत रेड्डींच्या पारड्यात टाकले. इंदिराबाईंनी वरवर निर्णय मान्य केला. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सहीसुद्धा केली. पण चार दिवसांत मोरारजी देसाईंकडचे अर्थखाते गेले, बँका सरकारच्या झाल्या, आणि २० जुलैला गिरींनी राजीनामा देऊन स्वतंत्रपणे लढायचे ठरवले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना महिनाभर राष्ट्रपतींच्या खुर्चीवर बसावे लागले. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांकडे दुसऱ्या पसंतीची मते मागायला गेले, तेव्हा इंदिराबाईंच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. प्रत्येकाने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे त्यांच्या गोटातून सांगण्यात आले. स्वतःच्या सहीच्या उमेदवाराविरुद्ध पंतप्रधानांनी असे सांगावे, याची मौज त्या वेळी कोणाला वाटली नाही. सगळे फार गंभीर होते.

दुसऱ्या पसंतीचे हे प्रकरण काय आहे, ते आम्हांला शाळेतल्या गुरुजींनी समजावून दिले, आणि इतके चांगले की पुढे कॉलेजात राज्यशास्त्र शिकताना मला नवे काही शिकावे लागले नाही. गुरुजी म्हणाले, "समजा, अकरा जणांनी मिळून एक बैल घ्यायचा आहे. बाजारात तीन बैल आहेत, पांढरा, तांबडा आणि काळा. निम्म्याहून अधिक माणसे, म्हणजे सहा जण, एका बैलावर राजी झाले पाहिजेत. पांढऱ्याला पाच, तांबड्याला चार, काळ्याला दोन. झाले का सहा? नाही. मग काळा बाजूला काढायचा, आणि त्या दोघांना विचारायचे, बाबांनो, काळा नाही तर कोणता? एक म्हणाला पांढरा, एक म्हणाला तांबडा. पांढरा सहा, तांबडा पाच. दावे सोडा आणि चला." मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "आन् गुरुजी, दोघंबी तांबडा म्हणले आस्ते तर?" गुरुजी हसले. "तर तांबडा. म्हणून तर सगळे त्या दोघांच्या मागे लागले आहेत."

दिल्लीतला काळा बैल आपला मराठी होता. चिंतामणराव देशमुख! महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या घराघरांत त्यांचे नाव आदराने घेतले जाई. १९६९ साली जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभे केले. त्यांना विजयाची आशा नव्हती, हे त्यांनाही ठाऊक असावे. पण माझ्या आजीला ते पटेना. जात्यावरून उठून ती विचारी, "मुंबईपायी खुर्चीला लाथ मारली त्या माणसानं. त्येला का न्हाई देत मतं?" या प्रश्नाला दादांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, उत्तर नव्हते. दादा यशवंतरावांचे माणूस. यशवंतरावांनी रेड्डी म्हटले, तेव्हा दादांचेही रेड्डी. गुरुजी गिरींचे, एका कामगार पुढाऱ्याने राष्ट्रपतिभवनात जावे, एवढेच त्यांना पुरेसे होते.

निकाल २० ऑगस्टला लागला. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती कंदील घेऊन माणसे बसली होती. आकडे ऐकून त्या वेळी कोणाला फारसे कळले नाही. मी ते पुढे वहीत उतरवले आणि इतक्या वेळा घोकले की आता ते पाढ्यासारखे पाठ आहेत. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. एकूण मते ८,३६,३३७, आणि जिंकायला हवीत ४,१८,१६९. उमेदवार एकंदर पंधरा. त्यांतले दलित चळवळीतले जुने कार्यकर्ते पां. ना. राजभोज यांना ८३१ मते मिळाली, आणि बाबूलाल मग नावाच्या एका गृहस्थांना बरोबर ५७६. त्या साली एका खासदाराच्या मताचे मूल्यच ५७६ होते. म्हणजे भारतभरातून एका आणि एकाच खासदाराला हे गृहस्थ पसंत पडले. तो खासदार कोण, हे मला आजही जाणून घ्यायला आवडेल.

कोणालाच बहुमत नाही, म्हणून दुसरी पसंती मोजली. लहानसहान उमेदवार गळाले, मग देशमुख गळाले, आणि शेवटी गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ असा आकडा आला. अंतर १४,६५०.

वाचकांनी क्षणभर थांबून ही बेरीज-वजाबाकी करून पाहावी, कारण सारी गंमत तिच्यातच आहे. दुसऱ्या पसंतीने गिरींना मिळाली १८,५६२ मते आणि रेड्डींना ९१,८७९. जवळजवळ एकास पाच! म्हणजे ज्यांनी पहिल्यांदा या दोघांनाही नाकारले होते, त्यांना 'आता या दोघांतून निवडा' असे विचारल्यावर त्यांनी रेड्डींकडेच बोट दाखवले. मी तर असे म्हणतो, की गिरी आणि रेड्डी यांची पुन्हा लढत त्याच दिवशी मतमोजणीच्या टेबलावर झाली, ती रेड्डींनी जिंकली, पण पहिल्या लढतीतले देणे फिटण्याइतकी जिंकली नाही. तेरा खासदारांनी आपले मत इकडचे तिकडे केले असते, तर निकाल फिरला असता. संसदेच्या दोन्ही सभागृहांतले साडेसातशेच्या आसपास खासदार, त्यांतले तेरा!

आणि देशमुख उभेच नसते तर? त्यांची आणि रेड्डींची पहिल्या पसंतीची मते एकत्र केली, तर ४,२६,३१७ होतात. कोट्याच्या वर आठ हजारांहून अधिक. कागदावर रेड्डी पहिल्याच फेरीत राष्ट्रपती. प्रत्यक्षात देशमुखांच्या गठ्ठ्यातली निदान २०,८९० मते रेड्डींपर्यंत पोचली नाहीत. काही गिरींकडे गेली, काहींनी दुसरी पसंती लिहिलीच नसावी. आजीचा तो मराठी माणूस हरला खरा, पण कोण जिंकणार हे त्याच्या गठ्ठ्याने ठरवले. दादांनी हे गणित ऐकले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सीडींनीच रेड्डीला पाडलं." मला ते मान्य नाही. जनसंघ-स्वतंत्रने उघडपणे रेड्डींना पहिली पसंती दिली असती, तर काँग्रेसमधले आणखी कितीजण 'सदसद्विवेकबुद्धी'कडे वळले असते, याचा हिशेब कोणी मांडायचा? रेड्डींना हवी असलेली मते अशी होती की ती घ्यायला हात पुढे केला की दुसऱ्या हातातली गळून पडत.

आता आमच्या गावची हकीगत. निकालानंतरच्या शनिवारी, २३ ऑगस्टला, बाजारातल्या हॉटेलात दादा आणि गुरुजी समोरासमोर बसले होते. गुरुजींनी पेढे आणले होते. दादांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. म्हणाले, "गुरुजी, ही काही सरळ लढत नव्हती. पक्षातलीच माणसं उलटली. पाच वर्षांनी हेच दोघे पुन्हा उभे राहू द्या. तुमचे गिरी आले, तर माझ्या बैलांची घुंगुरमाळ तुमच्या दारात आणून टांगतो." गुरुजी म्हणाले, "मी बैलांचं काय करू? पण घेतो पैज. रेड्डी आले तर माझं हे शाईचं पेन तुमचं." इथवर सारे हसतखेळत चालले होते. मग गुरुजींच्या तोंडून निघून गेले, "मात्र तोवर तुमच्या यशवंतरावांनी एक डगर धरावी. दोन्ही डगरींवर हात ठेवून किती दिवस चालायचं?" दादांनी पेढा बशीत ठेवला आणि उठले. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस फुटली आणि यशवंतराव इंदिराबाईंबरोबर राहिले, तेव्हा तर ते वाक्य दादांच्या अधिकच जिव्हारी लागले. कारण मग दादांनाही त्यांच्यामागून जावे लागले, म्हणजे ज्यांनी रेड्डींना पाडले त्यांच्याच बाजूला. गुरुजींनी हे कधी बोलून दाखवले नाही. पण दादांना ते न बोलताच ऐकू येत असावे. तेव्हापासून दोघांमधला निरोप्या मी झालो. "तुझ्या वडिलांना सांग." "तुझ्या गुरुजींना म्हणावं." मी दोन्हीकडचे निरोप थोडे सौम्य करून पोचवी.

जुने प्रतिस्पर्धी पुन्हा समोरासमोर येणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. अमेरिकेत ग्रोव्हर क्लीव्हलंड १८८८ साली जनतेची मते अधिक मिळवूनही बेंजामिन हॅरिसनकडून हरले, आणि १८९२ साली त्याच हॅरिसनना हरवून परत आले. आयसेनहॉवर आणि स्टीव्हन्सन १९५२ आणि १९५६ असे दोनदा भिडले. दोन्ही वेळा निकाल एकच. २०२४ साली बायडेन आणि ट्रम्प पुन्हा लढणार म्हणून सारे जग सावरून बसले, तो जुलै महिन्यात बायडेन बाजूला झाले. आपल्याकडेही राष्ट्रपतिपदासाठी अशी लढत झालेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. चौधरी हरी राम हे १९५२ साली राजेंद्रबाबूंविरुद्ध उभे राहिले. राजेंद्रबाबूंना ५,०७,४००, चौधरींना १,९५४. न डगमगता ते १९५७ साली पुन्हा उभे राहिले आणि आपली मते २,६७२ वर नेली. १९६२ साली समोर राधाकृष्णन, मते ६,३४१. या गतीने ते साधारण कोणत्या शतकात निवडून आले असते, हे त्रैराशिक गुरुजींनी आम्हांला वर्गात घातले होते.

गिरी-रेड्डींची लढत मात्र पुन्हा व्हायची नव्हती. आधी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रेड्डींची बदनामी करणारे एक पत्रक संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये वाटले गेले होते, त्यावरून निवडणूक रद्द करावी असा अर्ज होता. राष्ट्रपती असताना गिरी स्वतः न्यायालयात साक्ष द्यायला गेले. अर्ज १९७० साली फेटाळला गेला. रेड्डी १९७१ साली संघटना काँग्रेसतर्फे अनंतपूरमधून लोकसभेला उभे राहिले, तिथेही पडले, आणि शेती पाहू लागले. ही बातमी वाचून दादा कधी नव्हे ते खूश झाले. "बघ, माणूस शेतकरी आहे," ते मला म्हणाले.

१९७४ साल उजाडले. पैजेचे साल. समजा, त्या साली काँग्रेसने गिरींना पुन्हा उभे केले असते आणि विरोधकांनी अनंतपूरच्या शेतातून रेड्डींना बोलावून आणले असते, तर काय झाले असते? मी हा डाव मनात पुष्कळदा मांडला आहे. १९७१ आणि १९७२ च्या निवडणुकांनी लोकसभा आणि बहुतेक विधानसभा इंदिराबाईंच्या हाती दिल्या होत्या. १९७१ च्या खानेसुमारीमुळे मतांचे मूल्यही वाढले होते. खासदाराचे मत ५७६ वरून ७२३ वर गेले, महाराष्ट्राच्या आमदाराचे १४६ वरून १८७ वर. गुजरातची विधानसभा विसर्जित झालेली, तिथल्या आमदारांना मतच नव्हते. अशा स्थितीत निवडणूक घेता येते का, हे सर्वोच्च न्यायालयाला विचारावे लागले. पंतप्रधान ज्याच्या डोक्यावर हात ठेवतील तो राष्ट्रपती, असा तो काळ. प्रत्यक्षात फक्रुद्दीन अली अहमद यांना ७,६५,५८७ आणि विरोधकांच्या त्रिदिब चौधरींना १,८९,१९६ मते पडली. रेड्डी असते तर दहा-वीस हजार अधिक खेचली असती, इतकेच. अवघ्या पाच वर्षांत गिरी-रेड्डींमधले चौदा हजारांचे अंतर पाच-सहा लाखांचे झाले असते, आणि त्यात गिरींनी काही अधिक केलेले नसते, की रेड्डींनी काही कमी.

दुसरी कल्पना मला अधिक आवडते. काँग्रेसने फक्रुद्दीनसाहेबांना उभे केले, आणि ऐंशी वर्षांचे गिरी पुन्हा एकदा स्वतंत्र म्हणून उभे राहिले, त्याच सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने! १९६९ साली ज्यांनी ती बुद्धी जागी केली, त्यांनी १९७४ साली तिला काय उत्तर दिले असते? या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. ते तेव्हाही होते आणि आजही आहे. पण व्हिप नसला तरी माणसे वाकतातच. त्याच साली कायदा बदलून उमेदवाराला दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत लावली गेली, आणि पंधराचे उमेदवार दोनावर आले. बाबूलाल मग यांच्या त्या एकुलत्या एका खासदाराला आता वावच उरला नाही.

गिरी उभे राहिले नाहीत. त्या उन्हाळ्यात, ८ मे ते २७ मे, रेल्वेचा संप झाला. आमच्या स्टेशनावर शुकशुकाट. दौंडहून पायी आलेली माणसे बाजारात दिसत. गुरुजींचे मेहुणे दौंडला फायरमन होते, तेही संपावर. सरकारने संप मोडून काढला आणि राष्ट्रपतिभवनात बसले होते ते रेल्वे कामगारांचे जुने पुढारी गिरी. एका संध्याकाळी मी गुरुजींकडे गेलो, तर ते ओट्यावर नुसते बसून होते. मी पैजेची आठवण काढली. म्हणाले, "वडिलांना सांग, पैज राहू द्या. मी कोणाच्या बाजूनं धरली होती, ते मलाच नीट कळेनासं झालंय." हा एकच निरोप मी दादांना पोचवला नाही. १७ ऑगस्टला मतदान झाले. तोही शनिवारच होता, पण बाजारात कोणी त्याविषयी बोलले नाही.

मग चक्र फिरले. फेब्रुवारी १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांचे पदावर असतानाच निधन झाले. मार्चमध्ये जनता पक्ष आला. आंध्रातून त्या पक्षाचा एकच खासदार निवडून आला, तो म्हणजे नंद्यालहून संजीव रेड्डी. ते पुन्हा सभापती झाले, आणि जुलैत राष्ट्रपतिपदासाठी सदतीस अर्ज आले, त्यांतले छत्तीस बाद ठरले, आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी पक्ष फुटला, त्यांच्यासाठी एक मतही मोजावे लागले नाही. या वेळी गिरी समोर असते तर? १९७४ चाच हिशेब उलटा करून मांडा. मग या दोन माणसांतला बरोबरीचा सामना झाला तो एकदाच, जेव्हा घर दुभंगले होते तेव्हा; एरवी यांतला कोणीही कोणालाही हरवू शकत होता, फक्त साल पाहून.

दादांनी मला लगेच पिटाळले. "गुरुजींना म्हणावं, रेड्डी आले. पेन पाठवा." गुरुजी म्हणाले, "वडिलांना सांग, शर्यतीत एकच बैल पळाला आणि पहिला आला, त्याला माळ घालतात का?" हे मी दादांना जसेच्या तसे सांगितले. दादा बराच वेळ गप्प राहिले आणि मग मोठ्याने हसले. मी पुष्कळ दिवसांनी ते ऐकत होतो.

जून १९८० मध्ये मद्रासला गिरी वारले. राष्ट्रपतिभवनात त्या वेळी रेड्डी होते. ती बातमी आली त्या आठवड्याच्या शनिवारी दादा बैलबाजारातून परस्पर गुरुजींच्या घरी गेले. मी मागे होतो. दादा ओट्यावर बसले, पायताण काढले, आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचे गेले." गुरुजी म्हणाले, "हो, गेले." काकूंनी आतून चहा आणला. दोघांनी तो घेतला. मग दादांनी विचारले की घोडच्या अंगाला पाऊस झाला का, आणि गुरुजींनी सांगितले की अजून नाही.

बैल आम्ही पुढे विकले, ट्रॅक्टर आला. घुंगुरमाळ माझ्या घरात खुंटीला आहे. गुरुजींचे पेन त्यांच्या मुलाकडे आहे, निब मोडलेले.